सहा गठ्ठे आणि सातवा फोन

तहसील असो की जिल्हा परिषद, साहेबांच्या दालनाबाहेर एक पाटी हमखास दिसते: ‘अभ्यागतांना भेटण्याची वेळ’. मंत्रालयातही सर्वसामान्य माणसाला दुपारी आत सोडण्याची रीत जुनी आहे. पाटीमागचा विचार चुकीचा नाही. नस्ती म्हणजे प्रकरणाची फाइल वाचायला, टिप्पणी लिहायला, सुनावणीचा निकाल तयार करायला सलग वेळ लागतो आणि तो राखून ठेवावा लागतो, हे प्रशासनाला फार पूर्वी कळले होते. गंमत अशी, की माणसाला दाराबाहेर थांबवणाऱ्या याच व्यवस्थेने फोनला मात्र थेट टेबलावर आणून बसवले. सकाळी साडेदहाला दालनात कोणी येऊ नये असे ज्यांना वाटते, तेच साडेदहाला तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘विहित नमुन्यातील माहिती आज १२ वाजेपर्यंत सादर करावी’ असे टाकतात आणि पाऊण तासाने ‘तीन गावांची माहिती अप्राप्त, खेदाची बाब’ अशी आठवणही करतात.

कामात लक्ष लागत नाही, नवे काही सुचत नाही, अशी ओरड झाली की उपाय ठरलेले असतात. ताणमुक्तीची कार्यशाळा, ध्यानाचा वर्ग, वेळेच्या नियोजनावर पाहुण्यांचे व्याख्यान. या सगळ्यात दोष कर्मचाऱ्याच्या मनाचा आहे असे गृहीत धरलेले असते. तसे ते नाही. लक्ष टिकणे आणि नवे सुचणे या दोन्ही गोष्टी माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्यापर्यंत काम कसे पोचते यावर जास्त अवलंबून असतात. काम कसे पोचावे हे ठरवण्याचा अधिकार कार्यालयप्रमुखाकडे आहे, तेव्हा जबाबदारीही त्याचीच.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकायची गरज नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची जी फेरमांडणी केली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर आणि राज्याबाहेरही गाजली. त्या पद्धतीशी जोडली गेलेली सहा गठ्ठ्यांची मांडणी आजही महसूल खात्यातल्या नव्या लिपिकाला शिकवली जाते. प्रलंबित प्रकरणे एका गठ्ठ्यात, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे दुसऱ्यात, ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल म्हणजे नियतकालिके तिसऱ्यात, स्थायी आदेशांच्या संचिका चौथ्यात, अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणे पाचव्यात आणि मुदत संपल्यावर नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद सहाव्यात. वरवर पाहता ही कपाट आवरण्याची युक्ती वाटते. प्रत्यक्षात ती डोके मोकळे ठेवण्याची युक्ती आहे. सहा गठ्ठ्यांपैकी आज विचार मागणारा गठ्ठा एकच, पहिला. उरलेले पाच डोळ्यांसमोरून हलवले की लिपिकाला सकाळी बसल्या बसल्या ‘कुठून सुरुवात करू’ हा प्रश्न पडत नाही. शिवाय दुसरा गठ्ठा ठरावीक मुदतीने चाळायचा असल्याने त्यातली प्रकरणे मनात घोळत राहत नाहीत.

या गठ्ठ्यांच्या जोडीला बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) आवक क्रमांक, लिपिकाची कार्यविवरण नोंदवही आणि कायद्याची मुदत असते. विलंब प्रतिबंधक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २००५च्या अधिनियमाप्रमाणे एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ पडून राहता कामा नये. तातडीची चार दिवसांत आणि अतितातडीची शक्यतो एका दिवसात हलली पाहिजे. म्हणजे ‘तातडीचे’ या शब्दालाही इथे मोजमाप आहे आणि अतितातडीलाही श्वास घ्यायला एक दिवस दिलेला आहे.

ग्रुपवरचा मेसेज ही सगळी तटबंदी ओलांडून आत येतो. त्याला आवक क्रमांक नाही, मुदतीचे वर्गीकरण नाही, तो कोणत्याच गठ्ठ्यात बसत नाही. निवडणुकीचे पत्र, साहेबांच्या दौऱ्याचा बदललेला मार्ग, वाढदिवसाचा केक, जिओ टॅग फोटोची मागणी आणि दुपारच्या व्हीसीची (व्हिडिओ बैठकीची) लिंक हे सारे एकाच रांगेत, एकाच आवाजात येते. निळ्या खुणा उमटल्या की पोच मिळाली असे धरले जाते. त्या उमटल्या नाहीत तर ‘ग्रुप पाहत नाही’ असा ठपका. त्यामुळे कर्मचारी मेसेज वाचतो तो कामासाठी नव्हे, पकडले जाऊ नये म्हणून. हीच सवय लक्षाला सर्वांत घातक, कारण मेसेज आला नसला तरी नजर फोनकडे जाते.

नेमके नुकसान काय होते, ते एका साध्या कामावरून पाहू. हरकत आलेला फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीतला बदल, घ्या. निर्णय लिहिणाऱ्याला खरेदीखताची तारीख, जुन्या सातबाऱ्यावरचे इतर हक्क, वारसांची साखळी, नोटीस कोणाला बजावली आणि कोणाची पोच नाही, हरकतदाराचे नेमके म्हणणे या पाच-सहा गोष्टी एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात. त्या एकमेकींशी ताडून पाहिल्यावरच ‘या बहिणीला नोटीसच गेलेली नाही’ हे दिसते. मध्ये मेसेज आला, उत्तर दोन मिनिटांत दिले, तरी ती मांडणी विसकटते आणि पुन्हा पहिल्या पानापासून चाळावे लागते. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवले, की अर्धवट सोडलेल्या कामातला विचार पुढच्या कामात मागे रेंगाळतो आणि ते पुढचे काम खराब होते. ग्लोरिया मार्क यांनी अमेरिकेतल्या कार्यालयांत माणसांचे निरीक्षण केले, तेव्हा खंड पडलेल्या कामाकडे परत यायला वीस-पंचवीस मिनिटे जाताना दिसली. हा आकडा लोक चुकीचा वापरतात. तितका वेळ मेंदू बंद पडतो असे नाही. माणूस मध्ये दुसरी एक-दोन कामे करून मग मूळ कामाकडे वळतो. पण आपल्या कार्यालयाला हे अधिकच लागू पडते, कारण इथे ती मधली दोन कामेही ग्रुपवरूनच येतात. मार्क यांच्याच २००८च्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. सतत खंड पडणारी माणसे काम उलट लवकर उरकतात, मात्र ताण आणि चिडचिड वाढवून. म्हणूनच वरिष्ठांना वाटते, की सगळे सुरळीत चालले आहे. माहिती तर १२ वाजता मिळाली! फेरफारातली राहिलेली नोटीस दोन वर्षांनी अपिलात सापडते, तोवर सगळ्यांच्या बदल्या झालेल्या असतात.

शाळेत हे जास्त उघडे पडते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकाला जुंपता येत नाही. परंतु तासाच्या मध्यावर ‘पटसंख्या, आधार, गणवेश, लिंक भरा’ असा मेसेज येतो तेव्हा शिक्षकाला कुठेही जुंपलेले नसते, तो वर्गातच असतो. फक्त शिकवत नसतो. दोन शिक्षकी शाळेत तर एक जण लिंक भरतो आणि दुसरा चार इयत्ता सांभाळतो.

यावर उपाय फोन बंद करणे हा नाही. ग्रुप हे टपाल आहे असे मान्य करून त्याला टपालाचे नियम लावावेत. राज्य शासनाच्या कार्यालयांची वेळ पाच दिवसांचा आठवडा आल्यापासून, म्हणजे २९ फेब्रुवारी २०२० पासून, ९:४५ ते ६:१५ आहे. त्यात मांडणी अशी करता येते. १०:१५ ते १२ हा पावणेदोन तासांचा काळ सलग कामाचा. त्या वेळात बैठक, व्हीसी आणि ग्रुपवर माहितीची मागणी, तिन्ही बंद. पहिला अर्धा तास टपाल आणि स्वाक्षऱ्यांना लागतोच, म्हणून ९:४५ लाच सुरुवात धरू नये. तसे धरलेले वेळापत्रक कागदावरच राहते. ग्रुप तीनदा पाहायचा: १० वाजता, १२ वाजता, ४ वाजता. पाहणारा एकच. त्याने प्रत्येक मागणी एका साध्या वहीत क्रमांक, कोणी मागितली, कधीपर्यंत, कोणत्या संकलनाकडे (शाखेकडे), अशी चार रकान्यांत उतरवायची आणि वही त्या त्या टेबलावर फिरवायची. ज्याचे नाव वहीत नाही त्याला ग्रुप उघडण्याचे कारण नाही. खरी आणीबाणी असेल तर माणूस फोन करतो. पूर आला, रेल्वे घसरली, जमाव जमला, असे काही झाले तर कोणीही मेसेज टाकून वाट पाहत बसत नाही. त्यामुळे ‘फोन आला तर उचलायचा, मेसेज आला तर वहीत’ हा एकच नियम सगळ्यांना पाठ होतो.

माहिती मागणाऱ्यावरही बंधन हवे. किमान दोन कामकाजाच्या दिवसांची मुदत; त्याहून कमी हवी असेल तर मागणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच मेसेजात एका ओळीत कारण लिहावे. अधिवेशन सुरू आहे, लक्षवेधी लागली आहे, हे कारण पटण्यासारखेच असते आणि ते लिहायला कोणाला अडचण नाही. कारण लिहावे लागले की निम्म्या तातडीच्या मागण्या आपोआप उद्यावर जातात, असे म्हणायला आकडेवारीची गरज नाही. नमुना पाठवणाऱ्या कोणत्याही लिपिकाला विचारा. जी माहिती आधीच पोर्टलवर भरलेली आहे ती पुन्हा शीटमध्ये मागू नये. ‘निरंक’, म्हणजे कळवण्यासारखे काही नाही, असे कळवण्याची सक्ती बहुतेक ठिकाणी काढता येईल, मात्र अतिवृष्टीचे नुकसान, साथरोग, बालमृत्यू यांत नाही. तिथे मौन म्हणजे शून्य असे धरले तर एखादे संपर्क तुटलेले गावच अहवालातून गळते.

पावणेदोन तास मिळाले म्हणजे काम झाले असेही नाही. आदल्या संध्याकाळी निघण्यापूर्वी उद्याची एकच नस्ती वर काढून तिच्यावर चिठ्ठी लावावी, त्यावर प्रकरणाचे नाव नको, पुढची कृती हवी. ‘गट नं. अमुकचे प्रकरण’ असे लिहिले तर सकाळी पुन्हा वाचणे आले. ‘पान १४ वरील पोच आणि वारस नोंद ताडणे’ असे लिहिले तर हात लगेच चालतो. मध्येच उठावे लागले तर उठण्याआधी अर्धी ओळ खरडावी: कुठवर आलो, आता काय पाहणार होतो. लरॉय यांच्याच नंतरच्या अभ्यासात एवढ्या छोट्या नोंदीने मागे रेंगाळणारा विचार कमी होताना दिसला आहे. वीस सेकंदांचे काम आहे, पण साहेबांनी बोलावले की आपण पेन टाकून पळतो. त्यामुळे ही सवय लागण्यासाठी आधी साहेबांना वीस सेकंद थांबण्याची सवय लागावी लागते.

असा प्रयोग फसतो तो ठरलेल्या ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे खुद्द प्रमुख. त्याने एकदा ११ वाजता ‘फक्त एकच’ म्हणून मेसेज टाकला, की त्याच क्षणी बाकीचे पुन्हा फोन उताणा ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत. दुसरे, ग्रुप पाहण्याचे काम कायमचे एकाच्या गळ्यात पडते, आणि ती बहुधा सर्वांत कनिष्ठ लिपिक किंवा कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर असते. तिचे लक्ष कोणी राखायचे? पाळी दर सोमवारी बदललीच पाहिजे आणि पाळीच्या आठवड्यात तिच्याकडे निर्णयाची नस्ती नको. तिसरे, शांत वेळेच्या नावाखाली खिडकी बंद होते. हा तर सरळ लोकांचा रोष ओढवून घेण्याचा मार्ग. लांबून एसटीने आलेल्या माणसाला ‘साहेब एकाग्र आहेत’ हे ऐकवण्यात अर्थ नाही. खिडकीवरची माणसे या वेळातून वगळायची आणि त्यांना दुपारी ३ ते ४:३० असा वेगळा काळ द्यायचा, तोही आळीपाळीने, म्हणजे एक खिडकी कायम उघडी राहील. चौथे कारण थोडे अवघड आहे. काही जणांना शांतता मिळाली की काय करायचे हेच कळत नाही आणि ते त्या वेळात स्वाक्षऱ्या, नकला, जुनी पत्रे असले बारीकसारीक उरकतात. वर्षानुवर्षे तुकड्यांत काम केल्याचा हा परिणाम. आदल्या संध्याकाळची चिठ्ठी त्यांच्यासाठीच जास्त गरजेची.

आता नव्या कल्पनांकडे. इथे दोन भ्रम आहेत. एक, की कल्पना बैठकीत निघतात. १९५८ सालीच येल विद्यापीठातल्या प्रयोगात असे दिसले, की चार जणांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा तेवढ्याच चार जणांनी वेगवेगळे बसून लिहिलेल्या कल्पना एकूण जवळपास दुप्पट भरतात. त्याचे कारण पुढे १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी शोधले: एक बोलत असताना बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात आणि तेवढ्यात सुचलेले विसरतात किंवा गिळतात. आपल्या बैठकीत पहिला बोलणारा उपजिल्हाधिकारी असेल तर गिळण्याचे प्रमाण किती वाढत असेल याची कल्पना करता येते. सूचना हव्या असतील तर बैठकीच्या आधी प्रत्येकाने कोऱ्या कागदावर दहा मिनिटे, नाव न घालता लिहावे, कागद गोळा करावेत आणि मगच बोलावे. वाचून दाखवणाराही कनिष्ठ असावा.

दुसरा भ्रम असा, की कल्पना म्हणजे काहीतरी चमकदार. राज्यात राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियानासारख्या स्पर्धा आहेत, त्यांनी चांगले उपक्रम पुढे आणले हे खरे. पण स्पर्धेला नाव लागते, फोटो लागतात, सादरीकरण लागते. त्यामुळे कार्यालये कामातला अडथळा शोधण्याऐवजी उपक्रमाचे नाव शोधतात आणि अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर नावही पाटीवरून उतरते. लखिना यांची मांडणी चार दशकांनंतरही ओळखीची वाटते, कारण ती गठ्ठ्यांत होती. बदलून आलेल्या कोणत्याही लिपिकाला ती अर्ध्या दिवसात समजते.

कार्यालयात खरी कल्पना सापडते ती परत पाठवलेल्या कागदांत. समजा, दाखल्यांचे अर्ज त्रुटी काढून परत जातात. प्रत्येक वेळी त्रुटीचे कारण एका तक्त्यात फक्त रेघ मारून नोंदवायचे, चार रेघांवर पाचवी आडवी. महिनाअखेर सर्वांत जास्त रेघांची तीनच कारणे घ्यायची. त्यातल्या एकावर एकच बदल करायचा: फलकावरचा मजकूर सोपा करणे, अर्जाच्या रकान्याशेजारी भरलेला नमुना लावणे, सेतू केंद्राला आधीच कळवणे, यापैकी एक. दोन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने फरक पडला ते कळत नाही. चार आठवड्यांनी रेघा पुन्हा मोजायच्या. महिना तुलना करण्यासारखा हवा एवढे पथ्य पाळावे. जूनमध्ये प्रवेशांमुळे दाखल्यांची गर्दी उसळते, तेव्हा मे आणि जूनची तुलना फसवते, आणि म्हणून रेघा एकूण अर्जांच्या शेकड्यात मोजाव्यात. या साऱ्याला प्रतिभा लागत नाही. लागते ती अशी वेळ, की परत पाठवलेल्या शंभर अर्जांकडे एकदम पाहता येईल, आणि ती वेळ ग्रुपने खाल्लेली असते. म्हणून लक्ष आणि कल्पना हे दोन वेगळे विषय मानून दोन वेगळ्या कार्यशाळा घेण्यात हशील नाही.

सूचनापेट्या का ओस पडतात? उत्तर मिळत नाही म्हणून. त्याहून मोठे कारण, ज्याने कल्पना सांगितली त्याच्याच गळ्यात ती राबवण्याचे काम, चालू कामात काडीची सूट न देता, घातले जाते. शहाणा कर्मचारी दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. टोयोटाने १९५१ पासून चालवलेल्या सूचना पद्धतीचा गवगवा खूप होतो; तिच्यातली लहान सुधारणेलाही मोल देण्याची रीत मात्र उचलली जात नाही. आपल्याकडे एवढे करता येईल: सूचनेला १५ दिवसांत लेखी उत्तर, ‘स्वीकारली’, ‘चार आठवडे करून पाहू’ किंवा ‘नाही, कारण अमुक’ यांपैकी एक, आणि करून पाहायचे ठरले तर सूचना देणाऱ्याचे एक नियतकालिक तेवढ्या काळापुरते दुसऱ्याकडे. फसलेल्या प्रयोगाची नोंदही स्थायी आदेशाच्या संचिकेत राहावी, म्हणजे पुढचा अधिकारी तोच उत्साह नव्याने दाखवणार नाही.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क हा वेगळा पण शेजारचा प्रश्न. फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून तो कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. ती मागणी रास्त आहे. फक्त संध्याकाळी सव्वासहानंतरची शांतता मिळाली आणि दिवसाचे आठ तास तसेच चिरलेले राहिले, तर अर्धवट नस्त्या घरी येणारच, पिशवीतून नाही तर डोक्यातून.

यासाठी मंत्रालयातून शासन निर्णय येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा गटशिक्षणाधिकारी आपल्या कार्यालयापुरता एक पानी आदेश काढू शकतात: शांत वेळ, ग्रुप पाहण्याच्या तीन वेळा, पाळीचा तक्ता, दोन दिवसांची मुदत, वगळलेल्या खिडक्या. आदेश तीन महिन्यांपुरता असावा. सुरू करण्याआधीच्या महिन्यात आणि शेवटच्या महिन्यात तीन गोष्टी मोजाव्यात: कार्यविवरण नोंदवहीप्रमाणे सात दिवसांवर गेलेल्या नस्त्या, वरिष्ठांकडून शेरा मारून परत आलेल्या टिप्पण्या, आणि ग्रुपवर दोन दिवसांपेक्षा कमी मुदतीने आलेल्या मागण्या. तिसरा आकडा उतरला आणि पहिले दोन जिथल्या तिथे राहिले, तर अडथळा फोनचा नव्हता. मनुष्यबळाची रिक्त पदे किंवा नस्तीचे अनावश्यक टप्पे तपासावे लागतील. तिसराच उतरला नसेल, तर आदेश कोणत्या दालनातून मोडला गेला हे पाळीच्या वहीतल्या दुसऱ्या रकान्यात नावानिशी सापडेल.